लून हसला, आता मस्की लागणार का?

मागच्या अंकात मी जाता जाता लिहून गेलो की आमच्या बोटीवर लून (इकडच्या तळ्यांवरचा बुडी मारणारा पाणपक्षी) दिसल्याशिवाय पहिला कास्ट पडत नाही, म्हणजे गळ फेकला जात नाही, आणि त्यावर एवढे मेल आले की रील कुठली घ्यावी यावर गेल्या दोन वर्षांत आले नसतील. काहींनी अंधश्रद्धा म्हणून झापलंय, काहींनी आपापले शकुन कळवलेत. त्यातले निवडक खाली घेतोय.

ज्यांना मस्की म्हणजे काय हेच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला मासा, पाईकच्या कुळातला सगळ्यात मोठा, चार फूट आणि कधी त्याच्याही पुढे वाढतो, तोंडभर दात, आणि विस्कॉन्सिनने १९५५ साली त्याला राज्याचा मासा करून टाकलं. नाव ओजिब्वे लोकांच्या भाषेतून आलंय. इकडे त्याला दहा हजार कास्टचा मासा म्हणतात, म्हणजे तेवढ्या वेळा फेकलं की एकदा लागतो. अतिशयोक्ती आहे हो, पण माझ्या उजव्या खांद्याला विचारलंत तर तो नाही म्हणेल.

प्रश्न: आम्ही दोघं मित्र तीन वर्षं लीच लेकला जातोय. पहिल्या वर्षी कोणीतरी सांगितलं की लून जवळ येऊन तो वेड्यासारखा हसला की समजायचं मस्की लागणार. गेल्या जूनमध्ये एक लून बोटीपासून वीस फुटांवर येऊन सारखा हसत होता, आम्ही दिवसभर त्याच्या मागे मागे फिरलो, एक फॉलोसुद्धा नाही, म्हणजे गळामागे नुसता येणारा मासाही नाही. गरुड तर पाच दिसले त्या दिवशी. मग विश्वास कुठल्या पक्ष्यावर ठेवायचा? (प्लिमथ, मिनेसोटा)

उत्तर: अहो, तो हसत नव्हता, तुम्हाला हाकलत होता!

लूनचे आवाज चार प्रकारचे. एक तो लांब, कोल्हेकुईसारखा, रात्री तळ्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारा, तो म्हणजे 'कुठेयस तू?' दुसरा फक्त नर काढतो, हद्द सांगायला. तिसरा अगदी हळू, हुं हुं असा, घरातल्या घरात, जोडीदाराशी आणि पिल्लांशी. आणि चौथा तो थरथरता, जो आपल्याला हसण्यासारखा वाटतो, तो घाबरल्याचा आहे. बोट जवळ आली, डोक्यावरून गरुड गेला, घरट्याकडे कोणी वळलं की तो निघतो. जून म्हणजे अंडी नाहीतर आईबापाच्या पाठीवर बसलेली चिमुकली पिल्लं. तुम्ही दिवसभर त्याच्या मागे फिरलात म्हणजे त्या बिचाऱ्याचा अख्खा दिवस वाया घालवलात. पुढच्या वेळी हसला की उलट्या दिशेला जा, मासा लागो न लागो.

पण लून मुका असेल आणि एकाच जागी परत परत बुडी मारत असेल तर मात्र मी बघत बसतो. तो डोळ्यांनी शिकार करतो, पर्चसारखे छोटे मासे खातो, आणि जिथे पर्चचा थवा तिथे मस्की आसपास असायला हरकत नसते. लागेलच असं नाही, पण किमान जागा रिकामी नाही एवढं कळतं.

गरुडाचं वेगळंच आहे. मिनेसोटात टकल्या गरुडांची संख्या चिकार, आणि त्यात लीच लेकचा काठ म्हणजे त्यांचं गावच. तिथे पाच गरुड दिसणं म्हणजे पुण्यात पाच रिक्षा दिसणं. ज्या दिवशी मासा लागतो त्या दिवशी आपल्याला आठवतं की अरे सकाळी गरुड दिसला होता, आणि ज्या सात दिवशी काही लागलं नाही त्या दिवशीही तो त्याच पाइनवर बसला होता हे कोणी लिहून ठेवत नाही. मी ठेवतो, बायको हसते. माझ्या वहीत कोऱ्या दिवसांपुढेही गरुड आहेच. शिवाय हा पक्षी दिसायला रुबाबदार पण मेलेला मासा खायला एका पायावर तयार, ऑस्प्रेच्या (मासे पकडणाऱ्या दुसऱ्या एका शिकारी पक्ष्याच्या) पायातला हिसकावून घेतो, आणि बोटीवर जी नजर ठेवून असतो ती तुम्हाला आशीर्वाद द्यायला नाही, तुम्ही काही टाकताय का ते बघायला.

सीगल लोकांचं म्हणाल तर ते दोन तऱ्हेचे असतात. गेटवेहून एलिफंटाला गेलायत ना कधी? लाँचच्या मागे जो सीगलांचा गोंधळ चालतो त्यावरून समुद्रात मासे आहेत असा निष्कर्ष काढाल का? ते वेफर्सच्या मागे असतात. इकडेही धक्क्याजवळ, जिथे लोक मासे साफ करतात तिथे घिरट्या घालणारे सीगल काही सांगत नाहीत. पण तळ्याच्या मधोमध, कुठे काही नसताना, वीस-पंचवीस सीगल एका जागी पाण्यावर आपटतायत, उठतायत, परत आपटतायत, तर मोटर बंद करा आणि वाऱ्याने हळूच तिथवर जा, कारण खाली टुलिबी नावाच्या माशांचा थवा वर ढकलला गेलेला असू शकतो, आणि टुलिबी म्हणजे मस्कीचं श्रीखंड. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हेच टुलिबी अंडी घालायला खडकाळ उथळावर येतात, तेव्हा तर मी सीगल बघूनच जागा ठरवतो.

आणि बगळा. इकडचा ग्रेट ब्लू हेरॉन म्हणजे आपल्या राखी बगळ्याचा थोरला चुलत भाऊ. हा सगळ्यात खरा पक्षी, कारण त्याला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं आणि रिकाम्या पाण्यात तो उभाच राहत नाही. जूनमध्ये, मस्की अंडी घालून झाल्यावर अजून उथळ खाडीतच रेंगाळत असतात, तेव्हा ज्या खाडीत बगळा उभा ती खाडी आधी मारायची. ऑगस्टमध्ये मात्र त्याच्या भरवशावर राहू नका, तेव्हा मोठे मासे खोल वीडच्या (पाणवनस्पतींच्या) कडेला नाहीतर उघड्या पाण्यात गेलेले असतात आणि बगळ्याचे पाय काही तेवढे लांब नाहीत.

आता माझंच एक सांगतो. दोन वर्षांपूर्वी जुलैचा शेवट, संध्याकाळी साडेआठची वेळ, बगळा धरून एका खाडीत शिरलो होतो. काळ्या ब्लेडचा बकटेल (केसाळ शेपटीचा लूअर, म्हणजे नकली आमिष) ओढत आणतोय आणि मागे पाणी जरा फुगल्यासारखं दिसलं. मग दिसली ती पाठ, हिरवट-तपकिरी, त्यावर उभे पट्टे, आणि शेपटीचा लालसर पर, अगदी संथ, जसं काही घाई नाहीच. बोटीपाशी आलं की रॉडचं टोक पाण्यात खुपसून मोठा आठचा आकडा काढायचा असतो, इंग्रजी आठ बरं का, मराठी ८ काढलात तर मासा अर्ध्यावर निघून जाईल. पहिल्या वळणाला तो वळला. दुसऱ्या वळणाला त्याचा डोळा दिसला, तो माझ्याकडे बघत नव्हता, ब्लेडकडे बघत होता. तोंड लूअरपासून चार बोटांवर. तिसरं वळण, चौथं वळण, माझे गुडघे लटपटायला लागले, आणि माझा मित्र मागून कुजबुजत होता, मित्र मूळचा कऱ्हाडचा, 'अरे सांग त्याला, तुझी मुलगी नीट बघू आम्ही, घराचे हप्ते भरू, काळजी करू नको.' पिंडाला कावळा शिवत नाही तसं झालं होतं अगदी. मला हसू फुटलं, रॉड हलला, मासा खाली गेला. गेला म्हणजे पळाला नाही, नुसता विरघळला. आणि बगळा तिथेच उभा होता, त्याने तेवढ्यात एक मिनो, म्हणजे बारका मासा, गिळून टाकला!

तर बगळा बरोबर होता. चुकलो मी.

लूनवर बोलतोच आहे तर एक सांगून टाकतो. लून दिसणं शुभ मानता ना, मग टॅकल बॉक्समधलं शिसं काढा. हे पक्षी अन्न दळायला तळाचे बारीक खडे गिळतात, त्यात तुटलेलं शिशाचं वजनही जातं, आणि एवढासा एक तुकडा एका लूनला मारायला पुरतो. टंगस्टन महाग पडतं, मान्य. टिनचं घ्या, स्टीलचं घ्या.

प्रश्न: आमच्या ऑफिसमधला माणूस मस्कीला घेऊन गेला आणि डब्यात केळ्याचे वेफर्स बघून माझ्यावर असा खेकसला की विचारू नका. पाकीट गाडीत ठेवायला लावलं. हा काय प्रकार? आणि वेफर्स म्हणजे केळं धरायचं का? (मिलवॉकी)

उत्तर: धरतात. बोटीवर केळं म्हणजे अपशकुन ही इकडच्या कोळ्यांपासून हौशी लोकांपर्यंत सगळ्यांची पक्की समजूत, काही जण तर नावात केळं असलेलं सनस्क्रीनही चढू देत नाहीत. आपल्याकडे सत्यनारायणाला केळीचे खुंट लावल्याशिवाय पूजा उभी राहत नाही आणि इथे हे. मी एकदा सकाळी सकाळी शिकरण खाऊन गेलो होतो, कोणाला सांगितलं नाही, आणि त्या दिवशी माझ्या मित्राला चव्वेचाळीस इंची लागला. मला नाही लागला हेही खरं. तुम्ही बटाट्याचे वेफर्स न्या, भांडण कशाला.

प्रश्न: चिपेवा फ्लोएज तलावात एका बेटावर गरुडाचं मोठं पीस सापडलं. घरात देवाजवळ मोरपीस असतं तसं हे बोटीत विंडशील्डला लावावं म्हणतोय. लकी असतं म्हणे. (मॅडिसन)

उत्तर: लावू नका, आणि खरं तर उचलायलाच नको होतं. टकल्या गरुडाच्या रक्षणाचा कायदा १९४० चा आहे, त्यात पीस जवळ ठेवणंसुद्धा गुन्हा आहे, मग ते आपोआप गळलेलं का असेना, कारण कुठलं पीस गळलं आणि कुठल्यासाठी पक्षी मारला हे कोण सांगणार. केंद्र सरकारची मान्यता असलेल्या आदिवासी जमातींच्या नोंदणीकृत सदस्यांना धार्मिक कारणासाठी सूट आहे, तुम्हाआम्हाला नाही. लूनचं, बगळ्याचं, सीगलचं पीसही तसंच, ते १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यात येतं. जिथून घेतलं तिथे ठेवून या. वॉर्डनने लायसन्स बघायला बोट थांबवली आणि विंडशील्डला गरुडाचं पीस, मग तुमचं लक कुठल्या बाजूला जाईल ते सांगायला नको. मोरपीस चालेल की, आईकडून मागवा.

प्रश्न: मी पुण्याची, भाऊ तिकडे असतो आणि सारखे माशांचे फोटो पाठवतो. आमच्याकडे भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो. तुमच्याकडे भारद्वाजाच्या जागी कोण? (कोथरूड)

उत्तर: भारद्वाज इथे नाही हो, आणि त्याची जागा घेईल असा कोणी मला अजून मिळालेला नाही, तो ऐटीत कुंपणावरून चालत जाण्याचा रुबाबच वेगळा. पण एक पक्षी दोन्हीकडे सामायिक आहे. हिवाळ्यात उजनीला, भिगवणच्या बाजूला गेलात तर फ्लेमिंगोंच्या गर्दीत न रमता एखाद्या वाळक्या खोडावर बघा, ऑस्प्रे बसलेला दिसेल, पांढरं डोकं, डोळ्यावरून काळा पट्टा. तीच जात उन्हाळ्यात इथे आमच्या तळ्यांवर विजेच्या खांबांवर घरटी करते. तुमच्याकडे येणारे ऑस्प्रे युरोप-आशियाच्या उत्तरेकडचे, इथले दक्षिणेला जातात, त्यामुळे भावाने बघितलेलाच तुम्हाला दिसेल असं नाही, पण जात एकच. नुसता मासाच खातो, बाहेरचं बोट मागे वळवून दोन पुढे दोन मागे अशी पकड घेतो, आणि मासा नेताना त्याचं तोंड पुढे करून नेतो, वारा कापायला. तो जे पकडतो ते वितीएवढं असतं, मस्की नाही, पण मासे वरच्या दोन-तीन फुटांत आहेत एवढं कळलं की मी टॉपवॉटर, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर चालणारा लूअर, लावतो.

प्रश्न: सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत, माळकरी आहेत. त्यांचं म्हणणं, खायचा नाही तर पकडायचा कशाला, त्या जिवाला त्रास कशाला? आमच्या ह्यांच्याकडे उत्तर नाही. (नेपरविल)

उत्तर: माझ्याकडेही पूर्ण नाही, आणि सासूबाईंशी वाद घालून जिंकलो असं म्हणणारा माणूस मी अजून बघितलेला नाही. एवढं सांगू शकतो की हा मासा फार हळू मोठा होतो आणि सगळेच खात बसले असते तर तळी केव्हाच रिकामी झाली असती. १९६६ मध्ये मिनेसोटात मस्कीज इंक नावाची संस्था निघाली आणि त्या लोकांनी सोडून देण्याची सवय लावली. आज मिनेसोटात बहुतेक ठिकाणी ५४ इंचांच्या आतला ठेवताच येत नाही, विस्कॉन्सिनमध्ये बहुतेक ठिकाणी ४० इंच.

पण सोडला म्हणजे जगला असं नाही, सासूबाईंचा मुद्दा तिथे बरोबर लागतो. तुमच्या ह्यांना विचारा की बोटीवर मोठं रबरी जाळं आहे का, हूक कापायची कात्री आहे का (लांब नाकाची पक्कड वेगळी, हूकच कापणारी वेगळी), आणि पाणी २७ अंशांच्या आसपास गेलं की ते घरी बसतात का. मासा जाळ्यातच पाण्यात ठेवायचा, फोटोला उचलायचा तो आडवा, एक हात पोटाखाली, श्वास रोखून धरा आणि तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की त्यालाही पाण्यात सोडा. हे सगळं करत असतील तर करू द्या. नसतील तर सासूबाईंच्या बाजूने मीही आहे.

प्रश्न: मस्की बदकाची पिल्लं खातो हे खरं का? मुलगी रडायला लागली. (ईडन प्रेरी)

उत्तर: खरं आहे. बदकाची पिल्लं, मस्करॅट (पाण्यात राहणारा मोठा उंदरासारखा प्राणी), क्वचित लूनचं पिल्लूही. दुकानात बदकाच्या पिल्लासारखे, उंदरासारखे लूअर मिळतात ते काही शोभेला नाहीत. मुलीला सांगा की तो मुख्यतः मासेच खातो, तेही खरंच आहे. बदकाची आई पिल्लांना घेऊन एकदम वीडमध्ये घुसली, काहीही कारण नसताना, तर मी त्या जागेवर एक कास्ट टाकतो, पण हे मुलीला सांगू नका.

प्रश्न: मुलाकडे दोन महिने राहून आलो. पहाटे त्याच्याबरोबर तळ्यावर गेलो की गाडी लावतो तिथे एक पक्षी टिटवीसारखा ओरडायचा, डिट्टो टिटवी. आमच्याकडे टिटवी ओरडली की माणूस घरातून निघत नाही. मुलगा म्हणतो बाबा तुमचं काहीतरीच. तिकडे टिटवी असते का? (सातारा)

उत्तर: असते की. टिटवीच्याच गोतावळ्यातली, किलडिअर म्हणतात, गळ्यात दोन काळे पट्टे, आणि बोट उतरवायच्या जागेवरची खडी तिला फार आवडते.

माझी आई आली होती त्या वर्षीची गोष्ट. तिला बोटीत बसायची हौस, चहाचा थर्मास घेऊन पहाटे पाच वाजता तयार. आम्ही लँडिंगला पोचलो, मी ट्रेलर मागे घेतोय, आणि ही टिटवी किंचाळायला लागली, थांबेचना. आई म्हणाली, 'आज नको रे, परत चल.' मी म्हटलं आई, पन्नास मैल आलोय, दोनशे डॉलरचं नवीन लूअर आणलंय (नव्हतं तेवढ्याचं, पण वादात चालतं). तर ती म्हणाली, 'मग निदान थांब, बघू दे मला.' आणि दार उघडून खाली उतरली. टिटवी तिच्यासमोर एक पंख लोंबकळत टाकून फरफटत चालली, मोडलाय असं दाखवत. आईने तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. ती उलट्या बाजूला गेली, वाकली, आणि हात वर करून मला थांब म्हणाली.

ट्रेलरच्या डाव्या चाकामागे, हातभरावर, खडीत चार अंडी होती. टोकं आतल्या बाजूला, रंग इतका खडीचा की मी दोनदा बघूनही मला दिसली नाहीत, तिने बोट लावून दाखवली तेव्हा दिसली. आमच्या शेतात टिटवी अशीच घालते, म्हणाली, ती पंख पाडून एकीकडे नेते तेव्हा दुसरीकडे शोधायचं.

मी चार दगड आणि एक नारिंगी दोरी लावून ठेवली, ट्रेलर उजवीकडून घेतला, आणि वीस मिनिटं उशिरा पाण्यात गेलो. मस्की लागला का? नाही. आईला मात्र साध्या गळाला, गांडूळ लावून, सहा सनफिश मिळाले आणि ते तिने रात्री रवा लावून तळले.